रेडिएशन मीटरचा आवाज आणि बॅटरी: सेटिंग कुठल्या क्रमानं लावायची

मिरजेत माझं मीटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, पीएच मीटर असलं काय काय येत असतं, पण हल्ली हातात धरायचे रेडिएशन मीटर पण यायला लागलेत. कुपवाड एमआयडीसीतले फाउंड्रीवाले भंगार तपासायला घेतात, कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी मागवतात, एखादा हौशी असतो. आणि खरं सांगू का, त्यातले बरेच मीटर बिघडलेले नसतातच. तक्रारी तीनच, आवाज येत नाही, उगाच बोंबलतो, नाहीतर बॅटरी दोन दिवसांत बसते, आणि तिन्हीचं मूळ सेटिंगमध्ये असतं. त्यातही आकडा चुकला असं कमी, क्रम चुकला असंच जास्त.

मागच्या उन्हाळ्यात एकजण मीटर घेऊन आला. भंगाराच्या गेटवर खिळ्याला टांगलेला असायचा तो. म्हणाला, आल्यापासून एकदा पण वाजला नाही, जरा चेक करून द्या. मेनू उघडून बघतो तर ऑटो ऑफ दहा मिनिटांवर. म्हणजे हा रोज सकाळी बटण दाबून मीटर टांगणार, दहा मिनिटांत मीटर बंद, आणि गडी दिवसभर निवांत की स्क्रीन झोपलीय पण आतनं मोजतोय. असं किती दिवस चाललं होतं ते त्यालाच माहीत नव्हतं.

मीटरचा अलार्म वाजत नसला की त्याचा अर्थ तीनपैकी एक असतो. मोजतोय आणि आसपास काही नाही, मोजतोय पण आवाज बंद आहे, किंवा मोजतच नाहीये. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. म्हणून टिकटिक, म्हणजे एकेक किरण पकडला की मीटर करतो तो आवाज, बंद करायचं काम सगळ्यात शेवटी, बॅटरीचं सगळं लावून झाल्यावर. लोक नेमकं उलटं करतात, बॉक्समधून काढला की पहिलं त्या टिकटिकीला वैतागून आवाज बंद, आणि मग बाकीचं सगळं आंधळेपणानं.

सुरू करायच्या आधी

मीटर पूर्ण चार्ज करून घ्या, अर्ध्या बॅटरीवर सेटिंग लावायला बसू नका. एक कागद-पेन घ्या. मीटरचं माहितीपुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचं उतरवून घ्या, नावात एका अक्षराचा फरक असला तरी मेनू वेगळा असतो. आणि अर्धा किलो लाल पोटॅश मिळालं तर बघा, तेच ते म्युरेट ऑफ पोटॅश, उसाला आणि द्राक्षाला टाकतो ते. सांगलीकडं कुणाच्या ना कुणाच्या घरात पोतं असतंच, नाहीतर कृषी सेवा केंद्र आहेच. पोटॅशियम निसर्गतःच थोडंसं किरणोत्सारी असतं, किलोभर पोटॅशमध्ये सेकंदाला साधारण १५ हजार अणू फुटत असतात. पोतं घरात ठेवून त्रास होईल इतकं हे नाही, पण मीटर जिवंत आहे का ते बघायला झकास.

काहीजण पेट्रोमॅक्सच्या बत्तीचं जुनं मॅन्टल वापरतात. त्यात थोरियम हा किरणोत्सारी धातू असतो त्यामुळं मीटर चांगला उसळतो. चालतं, पण झिप पिशवीतनं बाहेर काढू नका, त्याची राख-धूळ नाकातोंडात जायला नको. आणि नवीन मॅन्टलमध्ये बऱ्याचदा थोरियम नसतंच, त्यामुळं त्यावर मीटर हलला नाही म्हणून मीटर बिघडला असं समजू नका.

इशारा: मीटर उघडून स्पीकर शोधायला जाऊ नका. आतल्या ट्यूबला, म्हणजे किरण पकडणाऱ्या नळीला, साधारण ४०० व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावर पण कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. मी खाल्लाय.

टप्पा १: तारीख, युनिट, बॅटरीचा प्रकार

हे पाच मिनिटांचं काम आहे पण इथंच खूप जण घसरतात.

तारीख-वेळ बघा. बॅटरी एकदा पूर्ण बसली की बऱ्याच मीटरचं घड्याळ शून्यावर जातं आणि मग रेकॉर्डमध्ये भलत्याच सालातले आकडे येतात.

युनिट बघा. सीपीएम म्हणजे मिनिटाला किती टिक, आणि मायक्रोसिव्हर्ट म्हणजे डोसचा, अंगाला किती रेडिएशन लागतं त्याचा हिशोब. स्वस्तातल्या बऱ्याच ट्यूबवाल्या मीटरमध्ये १ सीपीएम म्हणजे ०.००६५ मायक्रोसिव्हर्ट दर तासाला असं आत भरलेलं असतं, म्हणजे साधारण १५४ सीपीएम झाले की तासाला १ मायक्रोसिव्हर्ट दाखवणार. हा आकडा तुमच्या पुस्तकात बघून कागदावर लिहा, पुढं अलार्म लावताना लागणार आहे.

बॅटरीचा प्रकार: पेन्सिल सेलवर चालणारा मीटर असेल तर मेनूत साधे सेल की रिचार्जेबल असं विचारतो. साधा सेल १.५ व्होल्टचा, रिचार्जेबल १.२ चा. इथं चुकीचं टाकलं की भरलेला सेल अर्धा दाखवतो आणि लोक माझ्याकडं येतात की बॅटरी टिकत नाही.

इशारा: यूएसबीवरनं आतले सेल चार्ज करणारा मीटर असेल आणि आत साधे सेल असतील तर रिचार्जेबल हा पर्याय चुकून पण निवडू नका. साधा सेल चार्ज करायला गेलं की तो गळतो, फुगतो, कधी फुटतो.

टप्पा २: टिकटिक चालू ठेवून घरचा आकडा काढा

घरचा आकडा म्हणजे आसपास विशेष काही नसताना पण मीटर दाखवतो तो. आता स्पीकर चालू, आवाज मध्यम. मीटर जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर, लाकडी टेबलावर ठेवा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवू नका, ग्रॅनाइट स्वतःच थोडा किरणोत्सारी असतो, आकडा वाढतो. आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट त्या मानानं कमी किरणोत्सारी, त्यामुळं ओटा आणि अंगण यांत फरक दिसू शकतो.

चालू केल्यावरचं पहिलं मिनिट सोडून द्या, आकडा अजून जमत असतो. मग दर मिनिटाचा सीपीएम दहा वेळा कागदावर लिहा आणि सरासरी काढा. साध्या छोट्या ट्यूबवाल्या मीटरला १५ ते ३० च्या मध्ये कुठंतरी येईल, माझ्या दुकानात २० च्या आसपास येतो. ट्यूबऐवजी क्रिस्टलनं किरण पकडणारा मीटर असेल तर त्याची टिकटिक मुळातच कितीतरी जास्त असते, त्याचे आकडे तुमचे तुम्ही काढा, माझे घेऊ नका.

हे लिहिताना एक लक्षात येईल की आकडा स्थिर नसतो. १४, २३, १९, २७, १६ असं काहीही येतं. यात मीटरची चूक नाही, अणू काय घड्याळ बघून फुटत नाहीत. टिकटिक पण ऐका, दोन-तीन पटापट, मग मोठी शांतता, मग एक. घड्याळासारखी अगदी एकसारखी टिकटिक येत असेल तर उलट शंका घ्या, ती बहुतेक विजेची गडबड आहे. चार्जर काढून परत ऐका, मला स्वस्त चार्जरवर असं झालेलं सापडलंय.

तपासा: मीटर पोटॅशच्या पिशवीला टेकवून मिनिटभर ऐका. ट्यूब ज्या बाजूला आहे तीच बाजू टेकवा, पाठीवर जाळी नाहीतर खूण असते. टिकटिक कानाला कळेल इतकी वाढली पाहिजे. स्क्रीनवरचा आकडा सरासरी काढत बसतो म्हणून तो सावकाश चढतो, कान आधी ओळखतो. भंगाराच्या ढिगात काही शोधायचं असेल तर टिकटिक लागते ती यासाठीच.

टप्पा ३: अलार्म

सगळ्यात जास्त गोंधळ इथं. दोन प्रकारचे लोक असतात, एक घाबरट, एक धाडसी.

घाबरट माणूस सरासरीच्या जरासा वर अलार्म लावतो. मी पण आधी तेच केलेलं. सरासरी २०, अलार्म ३०. मग एक दिवस मीटर खिशात घेऊन मिरज-सांगली बसमध्ये बसलो आणि विश्रामबागच्या अलीकडं हा जो बोंबलायला लागला, सगळी बस वळून बघायला लागली, कंडक्टर म्हणाला, "काय हाय वो त्यात?" काय सांगणार. मोबाईल बिघडलाय म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन हिशोब केला तर साधी गोष्ट होती, सरासरी २० असेल तर एखाद्या मिनिटात ३० किंवा जास्त यायची शक्यता साधारण २ टक्के असते, म्हणजे मीटर दिवसभर चालू असेल तर तासाला एखाद वेळा वाजणारच. कुठंही काही नसताना.

धाडसी माणूस युनिट न बघता १०० टाकतो. त्याला वाटतं १०० सीपीएम, पण मीटर मायक्रोसिव्हर्टवर असतो. मगाचच्या हिशोबानं १०० सीपीएम म्हणजे ०.६५ मायक्रोसिव्हर्ट, आणि यानं लावला सरळ १००. दीडशे पट वर. मीटर आयुष्यात वाजणार नाही आणि हा म्हणणार चांगला आहे हो, उगाच ओरडत नाही.

मी लावतो सरासरीच्या तिप्पट. सरासरी २० असेल तर ६० सीपीएम, मायक्रोसिव्हर्टमध्ये ०.३९, म्हणजे ०.४ धरा. नुसत्या चढउतारानं मिनिटाला ६० येत नाहीत, आणि खरंच काही आलं तर हा आकडा लवकर ओलांडला जातो. दोन पातळ्यांचे अलार्म असतील तर पहिला तिप्पट, दुसरा पन्नासपट. पहिला वाजला की थांबून बघा, दुसरा वाजला की मागं फिरा.

एक अपवाद आहे, पाऊस. वळवाचा पहिला जोरदार पाऊस हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून झालेले कण खाली धुवून आणतो, त्यामुळं बाहेर ठेवलेला मीटर थोडा वेळ चढतो आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आपोआप खाली येतो. पावसात भिजलेल्या गाडीचं बॉनेट टिश्यूनं पुसून तो टिश्यू मीटरला लावून बघा, मजा येते. पण तेवढ्यासाठी अलार्म वर नेऊ नका.

तपासा: अलार्म तात्पुरता १० सीपीएमवर आणा. मिनिट-दोन मिनिटांत वाजलाच पाहिजे, कारण घरचाच आकडा त्याच्या वर आहे. वाजला? आता परत ६० वर न्या आणि मेनूतनं बाहेर येऊन, परत आत जाऊन ६० दिसतंय का बघा. काही मीटरमध्ये सेव्ह न करता बाहेर आलं की जुनाच आकडा राहतो.

टप्पा ४: बॅटरी वाचवायची, पण मोजणी न मारता

टिकटिक अजून चालूच आहे ना? ठेवा चालू.

बॅटरी सगळ्यात जास्त खातो तो स्क्रीनचा उजेड. ट्यूब फार काही खात नाही, घरच्या साध्या आकड्यावर टिकटिकीचा स्पीकर पण फार खात नाही. म्हणून क्रम असा.

उजेड कमीत कमी करा आणि १० ते १५ सेकंदांत विझेल असं लावा. रंगीत स्क्रीन असेल तर यानंच बराच फरक पडतो.

ब्लूटूथ, वायफाय रोज लागत नसेल तर बंद.

रेकॉर्डिंग दर सेकंदाला असेल तर दर मिनिटाला करा. मेमरी पण लवकर भरणार नाही.

आता ऑटो ऑफ. हा पर्याय मीटरच बंद करतो, नुसती स्क्रीन नाही. मीटर कुठं टांगून, खिशात ठेवून किंवा रेकॉर्डिंगला लावून वापरणार असाल तर ऑटो ऑफ पूर्ण बंद. फक्त हातात धरून दोन मिनिटं बघायचं आणि ठेवायचं असा वापर असेल तरच तो चालू ठेवा.

उरला पॉवर सेव्ह नावाचा पर्याय. या नावाखाली कुठल्या कंपनीनं काय दडवलंय ते नावावरून कळत नाही. एखाद्यात नुसती स्क्रीन विझते, एखाद्यात मीटर थांबून थांबून मोजतो, एखाद्यात रेकॉर्ड चालू आणि अलार्म बंद. पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं आणि त्या ओळीवर मी विश्वास ठेवत नाही, पुढची तपासणी करतो.

टप्पा ५: अंधारातली तपासणी

हा टप्पा कुणी करत नाही. खरं तर हाच करायचा.

सगळी सेटिंग लावली की मीटर टेबलावर ठेवून द्या आणि हात लावू नका. स्क्रीन विझू द्या. ऑटो ऑफची सगळ्यात मोठी वेळ मेनूत जेवढी दिसली होती त्याच्यापेक्षा जास्त वेळ जाऊ द्या, तासभर धरा. चहा घ्या, गिऱ्हाईक बघा. मग बटण न दाबता कान लावा.

काळ्या स्क्रीनवर टिकटिक ऐकू येते, तर मोजतोय. आता न उठवता हळूच पोटॅश टेकवा, वेग वाढला पाहिजे. टिकटिक ठरावीक वेळानं थोडी येऊन परत गप्प होत असेल तर तो थांबून थांबून मोजतोय, म्हणजे हा मोड शोधाशोधीला कामाचा नाही. काहीच ऐकू येत नसेल तर दोन शक्यता, मीटर बंद पडला किंवा स्क्रीनबरोबर त्यानं आवाज पण झोपवला. मग रेकॉर्ड उघडा, त्या तासाभरात प्रत्येक मिनिटाला आकडा आहे का बघा. मधे भोक असेल तर पॉवर सेव्ह बंद करा, विषय संपला. रेकॉर्डची सोय नसेल आणि आवाज पण नसेल तरीही बंदच करा.

आता कळलं का टिकटिक शेवटपर्यंत का ठेवायला सांगत होतो? आवाज आधीच बंद केला असता तर हे काहीच कळलं नसतं.

टप्पा ६: आता आवाज

मीटरमध्ये आवाज तीन वेगवेगळे असतात आणि मेनूत तिघांना जवळपास सारखी नावं असतात. बटणाचा बीप, टिकटिक, आणि अलार्म. बटणाचा बीप डोळे झाकून बंद करा. टिकटिक घरात, ऑफिसात, बसमध्ये बंद, शोधताना चालू. अलार्म कायम चालू.

पण काही मीटरमध्ये म्यूट म्हणजे सगळंच म्यूट, अलार्मसकट. म्हणून टिकटिक बंद केल्यावर मगाचची १० सीपीएमची तपासणी परत करा, आणि स्क्रीन विझलेली असताना करा. अलार्म वाजला तर ठीक. नाही वाजला तर त्या मीटरमध्ये टिकटिकीचा आवाज एकदम हळू ठेवा पण बंद करू नका.

खिशातल्या वापराला कंपन चालू करा. ते मोटर फिरवतं म्हणून बॅटरी खातं, पण फक्त अलार्मपुरतं ठेवलं तर काही नाही. टिकटिकीला पण कंपन लावायचा पर्याय काहींत असतो, तो मात्र बंदच बरा.

फाउंड्रीत लावणार असाल तर अलार्म दुकानात नाही, जागेवर ऐकून बघा. शॉट ब्लास्टिंग चालू असताना, क्रेन चालू असताना. या मीटरचा स्पीकर म्हणजे बारीक चकती, आवाज चिरका, आणि वर्षानुवर्षं भट्टीजवळ काम केलेल्या माणसाला असले चिरके आवाज आधीच कमी ऐकू येतात. तिथं लाल दिवा आणि कंपन दोन्ही लागतात.

आणि एवढं सगळं करून आवाजच हळू येत असेल तर मागचं रबरी कव्हर काढून बघा. स्पीकरचं भोक त्यानंच झाकलेलं असतं. हेडफोनचं भोक असलेल्या मीटरमध्ये त्यात कचरा अडकला की मीटरला वाटतं हेडफोन लावलाय. या दोन गोष्टींचे मी पैसे घेत नाही.

टप्पा ७: चार्जिंग

टाइप-सी भोक असलेला मीटर चार्ज होत नाही अशी तक्रार आली की मी आधी केबल बघतो. नव्या मोबाईलची दोन्हीकडं टाइप-सी असलेली केबल स्वस्त मीटरला बऱ्याचदा चालत नाही, कारण मीटरमध्ये त्यासाठी लागणारे दोन छोटे रेझिस्टर टाकलेलेच नसतात. एका बाजूला जुनं चपटं यूएसबी असलेली साधी केबल लावा, चालेल.

लाइट जाते म्हणून पॉवरबँकवर मीटर रात्रभर रेकॉर्डिंगला लावतात, सकाळी बघतात तर पॉवरबँक भरलेली आणि मीटर मेलेला. मीटर इतका कमी करंट घेतो की पॉवरबँकला वाटतं काही जोडलेलंच नाही, ती स्वतः बंद होते. कमी करंटचा मोड असलेली पॉवरबँक घ्या, नाहीतर लांबच्या कामाला भिंतीतलाच चार्जर.

एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर मीटर ठेवू नका, तापलेला असताना चार्जिंगला तर अजिबात नको, लिथियम बॅटरी तिथंच फुगते. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी भरून ठेवा. सेलवाला असेल तर सेल काढून ठेवा.

बॅटरी शेवटच्या काडीवर असताना आलेला आकडा धरू नका. काही मीटरमध्ये ट्यूबचं व्होल्टेज पण खाली येतं आणि मोजणी कमी दाखवते.

खरंच वाजला तर

मिरज हे दवाखान्यांचं गाव. हाडांचा स्कॅन, पेट स्कॅन किंवा थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीन दिलेला माणूस शेजारनं गेला तरी मीटर वाजू शकतो, त्यात त्या माणसाचा काही दोष नाही, गोंधळ घालू नका. पण भंगारात वाजला आणि जवळ गेल्यावर वाढत गेला, तर वस्तू उचलू नका, कापू नका, मागं या, बाकीच्यांना लांब ठेवा आणि ११२ ला फोन करा. रेडिएशनचं तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं तर मोजत पण बसू नका. दिल्लीत मायापुरीला २०१० मध्ये भंगारात किरणोत्सारी कोबाल्ट-६० निघालेलं आणि त्यात माणूस गेला होता. आणि अशा ठिकाणी जोरात वाजणारा मीटर एकदम गप्प झाला किंवा शून्य दाखवायला लागला तर खूश होऊ नका, फार जास्त रेडिएशनमध्ये साध्या ट्यूबचा दम संपतो आणि ती मोजायचीच थांबते.

सगळं लावून झालं की मी मीटरच्या पाठीवर एक स्टिकर लावून देतो, तुम्ही पण लावा. त्यावर एवढंच: घरी २०, अलार्म ६०, टिकटिक बंद, ऑटो ऑफ बंद, अंधारात तपासला, तारीख. पुढच्या वेळी कुणी मेनूत हात घातला की तारीख खोडून परत टप्पा ५.